नानांनी सांगितलेला क्लास

आजही कोणी मला 'ताई, एखादा चांगला कॉम्प्युटर क्लास सांगा ना' असं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो बिचाऱ्याचा. मी त्याला बसवते, चहा देते आणि उलट त्यालाच विचारते, की तुला आतापर्यंत कोणी काय सांगितलंय, आणि ज्यानं सांगितलं तो स्वतः तिथं शिकलाय का? बहुतेकजण गडबडतात. एक जण तर म्हणाला, 'ताई, तुम्ही वकिलासारखं काय विचारताय?' विचारणारच. मी कशातून गेलेय ते माझं मला माहीत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. मी गणित घेऊन बीएस्सी झाले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलेलं. माझ्या पाठचे दोन भाऊ शिकत होते. बाबांची नोकरी संपायच्या आत माझी लागायला हवी, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण जेवायला बसलं की सगळ्यांच्या मनात तेच असायचं. अशात बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया बनवणारा एक कारखाना होता, तिथं तो कामाला होता. म्हणाला, 'सर, आमच्याकडे कॉम्प्युटर येतोय. कामगारांची हजेरी आणि पगारपत्रक त्याच्यावर करायला दोन माणसं घेणार आहेत. चार-सहा महिन्यांत परीक्षा होईल. प्रोग्रॅम लिहून समोर चालवून दाखवायचा, बस. ताई गणितवाली आहे, तिला शिकवा.' तो गेला आणि बाबा चप्पल घालून तडक नानांकडे गेले.

नाना म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. सरकारी कचेरीत होते आणि वस्तीत त्यांना मोठा मान होता. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, घराला पत्रे कुठून आणायचे, मुलगी कुठं द्यायची, सगळं नाना सांगायचे. आणि आमच्याकडे, बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या खान्देशात म्हणा ना, एखाद्या मोठ्या माणसानं काही सांगितलं की ते नुसतं सांगणं राहत नाही, तो त्याचा शब्द होतो. मग डॉक्टर कितीही बेकार निघू दे, 'डॉक्टर बेकार' असं तोंडातून काढायचं नाही. 'आम्हाला त्याचा गुण आला नाही' म्हणायचं. टेलरनं ब्लाउजची बाही पार वाकडी करून दिली तर 'माझा हातच तसा आहे' म्हणायचं आणि तो ब्लाउज घालून सांगणाऱ्याच्याच घरच्या लग्नात मिरवायचं. मी लहानपणापासून हे पाहत आले होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच कबूल करते.

नानांनी एका वाक्यात निकाल लावला. 'जळगावला क्लास आहे, एक नंबर. एसी आहे. चपला बाहेर काढून आत जावं लागतं.' बाबांचे डोळे चमकले. चपला बाहेर काढायच्या म्हणजे काम पक्कं असणार! तिथं काय शिकवतात, कोण शिकवतं, हे ना नानांनी सांगितलं, ना बाबांनी विचारलं, ना मी. जळगावला माझी मावशी होती, तिच्याकडे माझी वळकटी जाऊन पडली.

क्लास सराफांच्या गल्लीजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. एसी खरंच होता. चपला खरंच बाहेर काढाव्या लागायच्या. आत चार कॉम्प्युटर, त्यांतले दोन बंद आणि त्यांच्यावर क्रोशाची झाकणं. चाळीस मुलं. आठवड्यातून एकदा चौघाचौघांना दहा मिनिटं एका मशीनसमोर बसवायचे. त्या दहा मिनिटांत पहिला स्वतःचं नाव टाइप करायचा, दुसरा त्याच्याकडे बघायचा, तिसऱ्याचा नंबर येईपर्यंत वीज जायची. उरलेला सगळा वेळ फळा आणि वही. सर एका जाड वहीतून फळ्यावर प्रोग्रॅम उतरवायचे, आम्ही फळ्यावरून वहीत उतरवायचो, खाली लाल पेनानं दोन रेघा मारायच्या, आणि घरी जाऊन पाठ करायचं. दर शनिवारी तोंडी परीक्षा. उभं राहायचं आणि ओळीच्या नंबरासकट धडाधड म्हणून दाखवायचं. मी पहिली यायचे. सर म्हणायचे, 'हिचं पाठांतर बघा रे, आणि अक्षर बघा!' आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे.

सगळ्यांत मोठा प्रोग्रॅम होता पगारपत्रकाचा. तोच परीक्षेला येतो, असं सर ठासून सांगायचे. तो इथं थोडा समजावून सांगावा लागेल, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. त्या वेळी शिकवायचे त्या भाषेत प्रत्येक ओळीला नंबर असायचा: दहा, वीस, तीस. दहा नंबरच्या ओळीत लिहिलेलं की पहिल्या कामगारापासून सुरू कर. वीस नंबरपासून त्या कामगाराची हजेरी घे, रोज किती ते घे, गुणाकार कर, छाप. मग पुढच्या कामगाराचा नंबर धर. आणि शेवटी, कामगार संपले नसतील तर अमुक नंबरच्या ओळीकडे परत जा. बस, एवढंच. शाळकरी पोराला कळेल. हा प्रोग्रॅम चालतो हे दाखवायला सरांनी एकदा कपाटातून फ्लॉपी काढली, मशीनमध्ये घातली, आणि पडद्यावर पंचवीस कामगारांचा पगार सरसर उतरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फ्लॉपीतला प्रोग्रॅम आणि आमच्या वहीतला प्रोग्रॅम एकच आहे का, असं चाळीस जणांतल्या एकाच्याही मनात आलं नाही.

पाच महिन्यांनी कारखान्यातून बोलावणं आलं. आम्ही नऊ उमेदवार होतो, त्यांतले चौघं आमच्या क्लासचे. खोलीत एकच मशीन, शेजारी प्रिंटर, आणि कॉम्प्युटरचं काम पाहणारे एक साहेब खुर्ची उलटी करून बसलेले. एकेकानं पुढं जायचं, बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून बघायचं. आणि कागदावर आलं काय, तर पगारपत्रक! आम्ही चौघं एकमेकांकडे बघून असे गालातल्या गालात हसलो म्हणता, की नोकरी खिशातच.

आमच्यातला पहिला गेला. त्यानं न थांबता सगळा प्रोग्रॅम टाइप केला आणि ऐटीत चालवला. प्रिंटर करकरायला लागला. पहिल्या कामगाराचा पगार आला. मग पुन्हा पहिल्या कामगाराचा. मग पुन्हा पहिल्याचाच. कागद खाली लोळायला लागला तरी दुसऱ्या कामगाराचा पत्ता नाही. साहेबांनी हात पुढं करून प्रिंटर बंद केला. मग आमच्यातली दुसरी गेली. तीच वही, तोच प्रोग्रॅम, पुन्हा तोच पहिला कामगार! साहेबांच्या भुवया वर गेल्या.

आता खरं म्हणजे मागच्या बाकावर बसल्या बसल्या मला उमगायला हवं होतं. डोळ्यांसमोर दोनदा चाललेलं होतं, मी गणिताची पदवीधर होते, कागदावर बोट ठेवून ओळी मोजल्या असत्या तर दोन मिनिटांत चूक सापडली असती. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, यांचं टायपिंग चुकलं. मी सावकाश करते. मी प्रत्येक अक्षर दोनदा तपासून, अगदी वहीत होतं तसं हुबेहूब टाइप केलं. आणि चालवलं. पहिला कामगार. पहिला कामगार. पहिला कामगार. माझ्यानंतर चौथा गेला, त्यानंही तेच केलं. तिघांचं वाटोळं झालेलं पाहून चौथ्यानंही तेच करावं! डोळ्यांपेक्षा आमचा विश्वास वहीवर.

साहेब हसले नाहीत. तो कागदाचा ढीग उचलून म्हणाले, 'एवढा पगार दिला तर हा माणूस आमचा कारखाना विकत घेईल की हो.' मग चौघांना एका ओळीत उभं केलं. 'शेवटच्या ओळीत वीसकडे जा म्हणायला हवं. तुम्ही दहाकडे जा म्हणता. दहाकडे गेलं की गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे कोणी शिकवलं तुम्हाला?' मग त्यांनी टेबलावरचं एक जाड पुस्तक उचललं. 'मशीनसोबत एक पुस्तक येतं. ते कोणी उघडून पाहिलंय?' त्या दिवशी दुसऱ्याच एका उमेदवाराला एक जागा मिळाली. राहिलेल्या एका जागेसाठी महिन्याभरानं पुन्हा परीक्षा घेऊ म्हणाले, हवं तर आम्ही परत यावं. माझ्यासाठी तो महिना म्हणजे शेवटची संधी होती.

बाहेर आलो तर आमच्यातला पहिला म्हणतो काय, 'सरांना नको सांगायला. वाईट वाटेल त्यांना.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, 'त्यांना वाईट वाटेल? अरे, माझी नोकरी गेली!' तो म्हणाला, 'तसं नाही. पण मला तिथं मामांनी घातलंय. मामांना काय वाटेल?' म्हणजे आपण बुडालो तरी चालेल, मामा कोरडे राहिले पाहिजेत.

मी तशीच क्लासमध्ये गेले. चपला काढल्या, इतकी सवय झालेली. सरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, 'तुमचं टायपिंग चुकलं असेल.' मी म्हटलं, चौघांचं? एकाच जागी? तेव्हा त्यांनी ती जाड वही काढली आणि माझ्यासमोर धरली. तेव्हा मला कळलं की ती वही सरांची नव्हतीच. पहिल्या बॅचच्या एका मुलीची होती. तिचं अक्षर इतकं मोत्यासारखं, की सरांनी स्वतःचे कागद फेकून दिले आणि तिची वही ठेवून घेतली. त्या पोरीनं कधीतरी फळ्यावरच्या वीसच्या जागी चुकून दहा उतरवला असेल. झालं! तेव्हापासून प्रत्येक बॅच ती चूक लाल रेघा मारून पाठ करत आली. आणि सर मला म्हणतात, 'एवढं सुंदर अक्षर आहे, चूक कशी असेल?' हसावं की रडावं तेच कळेना.

मी पुस्तक मागितलं, मशीनसोबत आलेलं. ते काचेच्या कपाटात होतं, प्लॅस्टिकचं वेष्टन न फाडलेलं, वर हळदीकुंकवाचे ठिपके. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तेव्हा पुस्तकाचीही व्हायची. सर म्हणाले, 'त्याला हात नाही लावायचा. उघडलं की मशीनची वॉरंटी जाते.' चाळीस पोरांच्या आयुष्याशी खेळ मांडलेला, आणि याला काळजी वॉरंटीची.

शनिवारी देवपूरला आले ती थेट नानांकडे. बाबा मागोमाग आले, मी काही उलटसुलट बोलेन या धास्तीनं. मी विचारलं, 'नाना, हा क्लास तुम्हाला कोणी सांगितला?' नाना म्हणाले, 'आमच्या साहेबांनी. ते आधी जळगावला होते.' 'त्यांचं कोणी शिकलं का तिथं?' 'ते कसं विचारणार पोरी? साहेब आहेत ते. त्यांना त्यांच्या एसीवाल्यानं सांगितलं म्हणत होते, जळगावच्या.' मी म्हटलं, 'एसीवाल्यानं?' नाना म्हणाले, 'मग? तो सगळ्या ऑफिसांत हिंडतो. त्याला माहिती असते.' बाबांनी मला डोळ्यांनी दाबलं. पण मी सोमवारी जळगावला पोचल्यावर त्या एसीवाल्याचं दुकान शोधून काढलंच. गडी खाली बसून पंख्याची मोटर उघडत होता. मी क्लासबद्दल विचारलं तर चेहरा खुलला त्याचा. 'एक नंबर क्लास शे, ताई! एसी मीच बसाडेल शे तठे.' तिथला एसी यानंच बसवलेला. झाला उलगडा. अहो, त्याचं काय चुकलं? त्यानं आपल्या कामाचं कौतुक केलं. ते ऐकून नानांच्या साहेबांनी क्लासचं कौतुक केलं, साहेबांचं ऐकून नानांनी शब्द दिला, आणि नानांच्या शब्दावर बाबांनी आपली पोरगी पाच महिने धाडली. वातानुकूलनाच्या जोरावर मी प्रोग्रॅमर व्हायला निघाले होते.

राग मला सगळ्यांत जास्त बाबांचा आला, कारण बाबा साधे नव्हते. दर रविवारी विहारात तेच बोलायचे, की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय म्हणून मानू नका, स्वतः तपासा, पटलं तरच घ्या. भगवान बुद्धांचा हा उपदेश आम्हा भावंडांना पाढ्यांसारखा येत होता. जळगावला परतायच्या आधी, त्या रविवारीच, मी त्यांना तसं स्पष्ट बोलले होते. म्हटलं, 'बाबा, लोकांना तपासायला सांगता, आणि नानांना एक प्रश्न विचारायची तुमची छाती झाली नाही.' बाबा म्हणाले, 'ते धम्माचं झालं. हे घरातलं आहे.' आई मध्ये पडली म्हणून भांडण तिथंच थांबलं.

आता महिन्यातले तीन आठवडे राहिले होते आणि मला कोणाकडे जावं कळेना. मी जळगावात भेटेल त्याला विचारत सुटले. कोणी दुसरा क्लास सांगायचा, कोणी पुण्याहून मागवायचं पुस्तक सांगायचा. मी प्रत्येकाला एकच विचारायचे, 'तुम्ही स्वतः करून पाहिलंय?' 'नाही, पण लोक सांगतात.' लोक! हे लोक कोण असतात, एकदा मला त्यांना भेटायचंय.

मावशीच्या समोरच्या घरात एक आबा राहायचे. दाल मिलमध्ये मालाची आवकजावक लिहायचे. मिलनं कॉम्प्युटर घेतल्यावर तो त्यांच्या गळ्यात पडला होता. मी मावशीला म्हटलं, 'इतके महिने सांगितलं का नाहीस गं?' ती म्हणाली, 'अगं, तेच सगळ्यांना सांगतात की मला काही येत नाही. मग कसं सांगणार?' मी गेले. आबांनी मलाही तेच सांगितलं. 'मला येत नाही बेटा. दहावी नापास माणूस मी. पुस्तक वाचतो आणि चालवून बघतो. चाललं तर चाललं.' आणि त्यांनी पुस्तक काढलं. तेच, मशीनसोबत आलेलं. फक्त त्याचे कोपरे दुमडलेले, पानांवर तूरडाळीची पिवळी पूड, आणि प्रत्येक उदाहरणाशेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'चाललं.' 'चाललं नाही.' 'तिसऱ्यांदा चाललं.' 'कळलं नाही, सोडलं.' इंग्रजी पुस्तक, डिक्शनरी घेऊन वाचलेलं. एका ठिकाणी तर लिहिलं होतं, 'छापणाऱ्याची चूक, मी दुरुस्त केली,' आणि खाली दुरुस्त केलेली ओळ.

मी ते वाचत गेले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गावभर लोक न पाहिलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगत होते, आणि ज्यानं एकेक ओळ चालवून पाहिली होती तो म्हणत होता मला येत नाही. आबा घाबरले, म्हणाले, 'काय झालं? कठीण आहे का?' मी म्हटलं, 'नाही आबा, सोपं आहे.'

दुपारी मिलचे मालक जेवायला घरी जायचे. तेवढा एक तास आबा मला मशीन द्यायचे. मिलच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं. कीबोर्डच्या फटीत पूड बसायची, ती आबा रंगाच्या ब्रशनं झाडायचे. त्यांचा नियम एकच होता, पाठ करायचं नाही. मी पगारपत्रक पाठ म्हणून दाखवायला गेले तर त्यांनी कानांवर हात ठेवले. 'हे मला कशाला ऐकवते? मशीनला ऐकव.' मी चुकायचे, मशीन चूक दाखवायचं, मी शोधायचे. आबा शेजारी डबा खात बसायचे. मी फारच अडले तर म्हणायचे, 'मलाही येत नाही, पण अमुक पानावर असंच काहीतरी आहे बघ,' आणि ते पान बरोबर निघायचं. त्या अडीच-तीन आठवड्यांत मी जे शिकले ते पाच महिन्यांत शिकले नव्हते.

दुसऱ्या परीक्षेला साहेबांनी पगारपत्रक दिलंच नाही. चटयांचे रंग आणि मापं धरून साठा काढायचा होता, कुठल्याच वहीत नसलेलं. माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला नाही. दुसऱ्यांदाही नाही. पण मला कुठं बघायचं ते कळत होतं. तिसऱ्यांदा चालला. साहेब म्हणाले, 'आता कोणाकडे शिकलात?' मी आबांचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. जागा मला मिळाली. बाबा निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी माझा पहिला पगार घरी गेला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज एवढी चिडले नसते. नोकरीला चार-पाच महिने झाले असतील. रविवारी देवपूरला गेले तर घरात एक गुळगुळीत हँडबिल पडलेलं. त्याच क्लासचं. 'आता देवपुरातही आमची शाखा!' आणि खाली 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून फोटो कोणाचा? माझा! बीएस्सीच्या वेळचा, दोन वेण्यांचा. मी ओरडलेच. 'हा फोटो त्यांना कोणी दिला?' आई म्हणाली, 'नानांनी नेला होता. सरांनी मागितला म्हणे. नाना किती खूश आहेत, सगळ्या कचेरीत वाटलं त्यांनी.'

मी त्या नव्या शाखेत गेले. सर होतेच तिथं, उद्‌घाटनाची तयारी चाललेली. मी म्हटलं, 'माझा फोटो काढा. मी तुमच्याकडे शिकले नाही.' ते हसले. 'मॅडम, तुम्ही आमच्याकडे होतात की नाही? नोकरी लागली की नाही? मग यात खोटं काय लिहिलंय ते दाखवा.' हँडबिलातलं एकेक वाक्य खरं होतं आणि सगळं हँडबिल धादांत खोटं होतं. मी तरातरा घरी आले.

घरी येते तर आमच्या शेजारच्या अक्का बसलेल्या, हातात तेच हँडबिल. सोबत त्यांची मुलगी, नुकतीच बारावी झालेली, हुशार पोर. अक्का म्हणाल्या, 'तुझीच वाट बघत होते. हिला इथं घालायचं म्हणते. तू काय सांगतेस?' बाबा खुर्चीत बसले होते. मी तिथंच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वही, दहा आणि वीस, कपाटातलं कुंकू लावलेलं पुस्तक, एसीवाला, सगळं. म्हटलं, 'अक्का, हिला तिथं घालू नका. मी दर रविवारी येते, मी शिकवते हिला. आबांचं पुस्तक आणून देते. हुशार आहे, पटकन शिकेल.' मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

अक्कांनी हँडबिलावरच्या माझ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, 'तुझं झालं ना काम, पोरी? मग आता आमच्या पोरीचं होताना तुझ्या पोटात का दुखतं?'

मला कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी बाबांकडे वळले. मला वाटलं आता तरी ते बोलतील. त्यांना सगळं माहीत होतं, दहा-वीससकट. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अक्कांना म्हणाले, 'तिचं मनावर घेऊ नका. नोकरीचा थकवा आहे. क्लास चांगला आहे. नानांनी सांगितलाय.'

पुढच्या रविवारी ती मुलगी स्वतःच धावत आली, पेढ्याचा पुडा घेऊन. म्हणाली, 'ताई, माझी ॲडमिशन झाली! त्या फॉर्ममध्ये कोणाच्या शिफारशीवरून आलात असा एक रकाना होता. तिथं मी तुमचं नाव लिहिलं.'